हा आवाज मिलिंदचा नाही

"हा आवाज मिलिंदचा नाही." सावंतसाहेबांनी टेपचं बटण खटकन दाबून गाणं थांबवलं. "आता खरं सांगा. कोणाकडून गाऊन घेतलंत?"

मी रसायनीतल्या एका केमिकल कारखान्याच्या वेल्फेअर ऑफिसात बसलो होतो. वार मंगळवार. सावंतसाहेब तिथले वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कामगारांच्या कँटीनपासून कॉलनीतल्या कार्यक्रमांपर्यंत सगळं बघणारा माणूस. टेबलावर आमची कॅसेट होती, 'साप्ताहिक सुट्टी'. बँडचं नाव 'जनरल शिफ्ट', याच कारखान्यातल्या पोरांचा, आणि मिलिंद त्यांचा गायक. त्यांची ही पहिलीच कॅसेट, आणि रेकॉर्डिस्ट म्हणून कव्हरवर माझं नाव छापलेलं.

"मिलिंदच गायलाय," मी म्हणालो. "माझ्यासमोर, माझ्याच माइकवर."

"मग रविवारी कँटीनमध्ये गायला तेव्हा आवाज वेगळा कसा? चांगला भरदार गातो तो. आणि हे काय?" त्यांनी पुन्हा बटण दाबलं. टेपमधून बारीक, कोवळा आवाज आला. मिसरूड न फुटलेल्या पोराचा वाटावा असा. "कामगार म्हणतात, मुंबईहून कोणी गायक आणला आणि नाव मिलिंदचं लावलं. सगळे त्याला 'प्लेबॅक' म्हणून हाका मारतात. शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये यांचा प्रोग्रॅम आहे. चारशे माणसं येणार. मला तिथे हुर्यो नकोय."

"कॉप्या काढणाऱ्यांची चूक असणार," मी बोलून गेलो.

"असेल. शुक्रवारपर्यंत मला पटवून द्या. नाहीतर प्रोग्रॅम कॅन्सल, आणि का कॅन्सल ते नोटीस बोर्डावर लागेल."

बाहेर पडलो तेव्हा थंडीच्या दिवसातही सदरा पाठीला चिकटला होता. गेटवर दोन कामगार आमच्याच कॅसेटमधलं गाणं मुद्दाम बायकी आवाज काढून म्हणत होते, 'गेट उघडा वॉचमन भाऊ, आत माझा डबा राहिला'. मी मान खाली घालून एस.टी.चा थांबा गाठला.

आता मागचं सांगायला हवं. मुंबईत एका स्टुडिओत पंधरा वर्षं काढून मी खालापूरला परत आलो, ते एक जुनं फोर-ट्रॅक मशीन घेऊन. ऐंशीचं दशक तेव्हा निम्मं उलटलं होतं. फोर-ट्रॅक म्हणजे एकाच टेपवर शेजारी शेजारी चार पट्टे. एकावर ड्रम भरायचा, मग तो ऐकत दुसऱ्यावर गिटार, असं करत चारही पट्टे भरायचे. शेवटी चारांचं एकत्र मिश्रण करून दुसऱ्या टेपवर उतरवायचं. त्या टेपला म्हणतात मास्टर. मास्टर मुंबईला कॉप्या काढणाऱ्या प्लांटकडे जातो आणि तिथून कॅसेटी तयार होऊन येतात.

माझा स्टुडिओ म्हणजे भाताचं रिकामं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना तूस भरलेली पोती लावलेली. सकाळी मी पुढच्या खोलीत लाऊडस्पीकर दुरुस्त करायचो. रेकॉर्डिंगला बहुतेक भजनी मंडळं यायची. आणि एक दिवस हे चौघे आले, इलेक्ट्रिक गिटार घेऊन. कारखान्यातली तरणी पोरं, स्वतःच गाणी लिहिलेली. कँटीन, बस, गेट, ओव्हरटाइम, त्यांच्या जगात जे होतं ते सगळं गाण्यात. मला पहिल्याच गाण्याला आवडलं. चौघांच्या वाजवण्यात तेच ते भजनी ठेके नाहीत, याचाच मला केवढा आनंद झाला होता.

अडचण एकच. नाव जनरल शिफ्ट, पण चौघांतला एकही जनरल शिफ्टला, म्हणजे ऑफिसच्या वेळेच्या ड्युटीला, नव्हता. गिटारवाला नंदू दुसऱ्या पाळीला, ड्रम आणि बास वाजवणारे तिसऱ्या पाळीला. मिलिंद कारखान्याच्या लॅबमध्ये, त्याची ड्युटी कायम सकाळी सातची. चौघं एका वेळी एका जागी येणं फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि सुट्ट्याही वेगवेगळ्या. मी म्हटलं, काळजी नको, फोर-ट्रॅक कशाला आहे? पाळीप्रमाणे या. म्हणून वाद्यं सगळी दुपारी एकच्या आत भरली. मिलिंद तीनला सुटून, बस पकडून, चहा घेऊन दिवेलागणीला यायचा. त्याचं गाणं सगळं संध्याकाळी भरलं. मिक्सिंगला तो हवा होता, म्हणून मिक्सिंगही संध्याकाळीच केलं.

या कामात मला तीन वेळा इशारा मिळाला, हे आज कबूल करतो.

पहिला मिलिंदनंच दिला. हेडफोन लावून गाताना तो म्हणाला, "काका, सूर लई सोपा जातोय इथं. प्रॅक्टिसला वर चढताना दम लागायचा, आता अलगद लागतोय." मी म्हटलं, हा माझ्या खोलीचा गुण.

दुसरा नंदूनं. एका सुट्टीच्या दिवशी तो मिक्सिंग ऐकायला आला आणि म्हणाला, "काका, आमी एवढं सावकाश वाजवलं व्हतं?" मी हसलो. "पहिल्यांदा रेकॉर्ड झालेल्या प्रत्येकाला असंच वाटतं रे." पंधरा वर्षांचा अनुभव बोलत होता ना!

तिसरा इशारा प्लांटमधून ट्रंककॉलनं आला. "तुम्ही पहिल्या बाजूची लांबी एकवीस मिनिटं चाळीस सेकंद लिहिली आहे. आमच्याकडे वीस अठ्ठेचाळीस भरते. कापाकापी झाली का?" मी म्हटलं, माझं स्टॉपवॉच जुनं आहे, तुम्ही काढा कॉप्या. कॅसेटी आल्या तेव्हाही मी पहिलं अर्धं मिनिट ऐकून खोकं बंद केलं. त्या अर्ध्या मिनिटात नुसती गिटार होती.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी मी घरी आलो ते थेट मशीनकडे. मास्टर लावला. मिलिंदचा आवाज खणखणीत आला, जसा आहे तसा. मग कॅसेट लावली. कोवळं पोर. पुन्हा मास्टर. मिलिंद. मी मनातल्या मनात प्लांटवाल्यांना चार शिव्या घातल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

बुधवारी सकाळी ट्रंककॉल लावला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मास्टर जसा आला तसा आम्ही उतरवला. त्याच दिवशी दुसऱ्या तीन कॅसेटी काढल्यात, एकाचीही तक्रार नाही. आणि लांबीचं मी विचारलं होतं, आठवतंय ना?" मला आठवत होतं. मी फोन ठेवला.

तेवढ्यात नंदू दारात. "काका, मिलिंद कालपासून ड्युटीवर नाय. गावाला गेलाय. नोकरी सोडतो म्हनतोय."

आता हे माझ्या स्टुडिओच्या नावापुरतं राहिलं नाही. मिलिंद त्याच्या घरातला पहिला पगारी माणूस. मी दुकानाला कुलूप लावलं आणि कर्जतमार्गे कळंबची एस.टी. धरली. वाटभर एकच विचार, त्याला काय सांगू? चूक कुठे झाली हे मलाच माहीत नव्हतं.

कळंबच्या बौद्धवाडीत मिलिंदचं घर शोधावं लागलं नाही. त्याची आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मिलिंद आत भिंतीला टेकून बसलेला. मला बघून उठला, पाणी दिलं, आणि पुन्हा बसला.

"अरे, लोक चार दिवस बोलतील," मी म्हणालो.

"काका, मी शाळेत पयला आलो तेव्हाबी म्हनले व्हते, पेपर दुसऱ्यानं लिवला. मास्तरनी समोर बसवून पुन्ना लिवून घेतला." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तेव्हा लहान व्हतो, लिवला. आता नाय पुरावा द्यायचा. कंटाळा आला."

मला लाज वाटली. त्याच्या वाट्याला आलेला हा पेपर मीच काढला होता, पण कसा, तेच कळत नव्हतं.

त्याची आई हात झटकत आत आली. "कोन म्हनतो माज्या पोराचा आवाज न्हाय म्हनून? ऐका भाऊ, तुमीच ऐका." तिनं फळीवरचा टेप काढला आणि बटण दाबलं.

'गेट उघडा वॉचमन भाऊ...'

भरदार आवाज. मिलिंदचा, शंभर टक्के मिलिंदचा. मी उठून टेपपाशी गेलो. "ही कॅसेट कुठली?"

"तुमच्याकडचीच की. ह्यानंच आनली."

मी कॅसेट काढून बघितली. तेच कव्हर, तेच माझं नाव. टेप उलटा करून मागचं झाकण उघडलं. चार सेल. आणि मग अंगणात लक्ष गेलं. एका सुपात आणखी चार सेल उन्हात वाळत घातलेले.

"आई, हे सेल कधीचे?"

"दिवाळीचे. आलटून पालटून उनात घालते. मंग चालत्यात गुमान."

दिवाळी होऊन दोन महिने झाले होते. सेल दमले की टेप हळू फिरतो, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे हळू फिरवल्यावर आवाज बरोबर येत होता. म्हणजे कॅसेटमध्ये मिलिंदचा आवाज मुळातच जास्त वेगानं भरलेला होता. प्लांट बरोबर होता. चूक माझ्या गोदामात होती.

"मिलिंद, उद्या ड्युटीवर जा," मी म्हणालो. "शनिवारपर्यंत थांब. पुरावा तू नाही द्यायचा. मी देणार."

त्याचा विश्वास बसला असं दिसलं नाही. पण गुरुवारी तो कामावर गेला.

गुरुवारी मी एकच गाणं दोनदा लावलं. आधी दुपारी बाराला. स्टॉपवॉच चार मिनिटं दाखवत होतं, आणि मास्टरमधून कोवळ्या पोराचा आवाज येत होता. माझ्याच मशीनवर! मग संध्याकाळी सातला. चार मिनिटं दहा सेकंद, आणि आवाज मिलिंदचा. स्टॉपवॉच जुनं होतं, पण बिचारं खरं बोलत होतं.

वीज दोन तऱ्हांनी बिघडते. एक म्हणजे व्होल्टेज, तिचा जोर कमी-जास्त होतो. त्यासाठी मी स्टॅबिलायझर घेतला होता आणि निर्धास्त होतो. दुसरी तऱ्हा लोकांना सहसा माहीत नसते. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. संध्याकाळी सगळीकडे एकदम दिवे लागले की भार वाढतो आणि हेलकावे मंदावतात, पन्नासाचे अठ्ठेचाळीस होतात. बल्बला किंवा साध्या कॅसेट-टेपला त्याचं काही नाही. पण माझ्या मशीनची मोटर हेलकावे मोजूनच फिरायची. संध्याकाळी ती हळू फिरे. मिलिंदनं दुपारची वाद्यं संध्याकाळी ऐकली, ती सावकाश आणि खालच्या सुरात. तो त्यांच्या सुराला सूर लावून गायला, म्हणून त्याला सोपं गेलं. मग प्लांटमध्ये टेप नेहमीच्या वेगानं फिरली, वाद्यं जागेवर आली आणि त्याचा आवाज वर चढून बारीक झाला. आम्ही जेव्हा जेव्हा तपासलं तेव्हा संध्याकाळच होती, म्हणून आमच्या कानांना सगळं बरोबर. भूत दिवेलागणीलाच माणसाळायचं आणि आम्ही त्याला नेमके तेव्हाच भेटत होतो.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी माझ्या मनात आलं की प्लांटवर ढकलून मोकळं व्हावं. सावंतसाहेबांना मी तसं म्हणालोही होतो. भजनी मंडळांच्या किती टेपा संध्याकाळी भरल्या होत्या! एकदा हे फुटलं की खालापूर-कर्जतमध्ये कोण माझ्याकडे येणार? पण कळंबला त्याच्या आईसमोर मी बोलून बसलो होतो. जिभेनं माझी वाट बंद करून ठेवली होती.

शुक्रवारी सावंतसाहेबांना सगळं सांगितलं. आधी प्लांटवर घातलेलं खापर परत घेतलं.

"मला पटलं," ते म्हणाले. "पण हॉलमधल्या चारशे लोकांना हे हेलकावे कोण समजावणार?"

"मी मशीनच घेऊन येतो. प्रोग्रॅम संध्याकाळी आहे. वीज हळू असणार, मशीन हळू फिरणार, आवाज बरोबर येणार. सगळ्यांच्या कानांनी ऐकू दे."

"आणि नाही आला तर?"

"येणार," मी म्हणालो.

शनिवारी मशीन टेंपोत चढवलं. निम्म्या वाटेत टेंपो पंक्चर. हॉलवर पोचलो तेव्हा खुर्च्या भरलेल्या, मागे माणसं उभी. मशीन तपासायला वेळच मिळाला नाही. मिलिंद मागच्या दरवाजापाशी उभा होता, स्टेजजवळ यायला तयार नव्हता. सावंतसाहेबांनी माइक माझ्या हातात दिला.

"कॅसेटमध्ये मिलिंदच गायलाय," मी म्हणालो. "आवाज बिघडला ही चूक माझी. त्याची नाही, दुसऱ्या कोणाचीच नाही. आता मी मूळ टेप लावतो. ऐका."

बटण दाबलं. गिटार आली. आणि मग कोवळं पोर गाऊ लागलं.

हॉल हसून फुटला. मागून कोणी ओरडलं, "प्लेबॅक! प्लेबॅक!" मी घड्याळात बघितलं, साडेसात. असं कसं होईल? स्टेजच्या कडेला कंपनीचा इलेक्ट्रिशियन उभा होता. त्याला विचारलं, "लाइन कुठली आहे ही?"

"आपल्या पॉवरहाऊसची," तो अभिमानानं म्हणाला. "बाहेर काय पन होवो, हितं पन्नास म्हंजे पन्नास."

चारशे माणसं हसत होती, सावंतसाहेब माझ्याकडे बघत होते, आणि दरवाजातून मिलिंद बाहेर निघाला होता. विचार करायला वेळ नव्हता. मी डाव्या हाताचा अंगठा फिरत्या रिळाच्या कडेवर टेकवला आणि दाबला.

आधी आवाज कण्हल्यासारखा झाला. लोक आणखी हसले. मी थोडा जोर कमी केला, थोडा वाढवला. मुंबईच्या स्टुडिओत गंमत म्हणून आम्ही हे करायचो. आवाज डगमगत खाली आला, जाडावला, आणि एका जागी ठरला. मिलिंदचा आवाज. हसणं ओसरू लागलं. अंगठा भाजत होता, पण तो उचलायची माझी छाती नव्हती.

आणि मग मला दोन आवाज ऐकू आले. एक स्पीकरमधून, एक हॉलच्या मागून. मिलिंद दरवाजात थांबला होता आणि तिथूनच गात होता, माइकशिवाय. 'आत माझा डबा राहिला.' श्वास तिथेच, हेल तोच, 'डबा'वर दिलेला तोच झटका. गात गात तो मधल्या वाटेनं पुढे आला. स्टेजवर चढेपर्यंत स्पीकरमधला मिलिंद कुठला आणि समोरचा कुठला, मलाही सांगता येईना.

"आयला, त्योच हाय रं!" मागून आवाज आला.

मी अंगठा उचलला. ओळीच्या मध्येच स्पीकरमधला मिलिंद पुन्हा सोळा वर्षांचा झाला. हॉल परत हसला, पण आता माझ्यावर. मिलिंदही हसला. आठवड्यात पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले आणि मी ते मशीनचं काहीतरी बघतोय असं दाखवून लपवले.

त्यानंतर जनरल शिफ्ट तासभर वाजले. 'गेट उघडा' तीनदा म्हणावं लागलं. कॉलनीत 'प्लेबॅक' हे नाव बंद झालं आणि माझं 'अंगठेबहाद्दर' सुरू झालं. ते मी रिटायर होईपर्यंत टिकलं.

मिलिंदनं आठवडाभर रजा टाकली आणि सगळी गाणी पुन्हा गायली, दुपारी बाराच्या आत. 'सूर अवघड जातोय' म्हणाला, तेव्हा मला हायसं वाटलं. कॅसेटची दुसरी खेप काढली, ती कुठलाही अंगठा न लावता बरोबर वाजत होती. स्टॅबिलायझरशेजारी मी हेलकावे मोजणारं मीटर बसवलं. आणि कोणी नवखा म्हणाला, "काका, हे सावकाश वाटतंय," तर आधी स्टॉपवॉच काढायचं आणि मग हसायचं, हे शिकलो.

नव्या खेपेची पहिली कॅसेट मी स्वतः कळंबला नेऊन मिलिंदच्या आईला दिली. तिनं कौतुकानं कव्हर पुसलं, टेपात घातली, बटण दाबलं. गिटार संपून आवाज येईपर्यंत थांबली, दोन ओळी ऐकल्या आणि बंद केलं.

"भाऊ, ह्यो कोन म्हातारा गातोय?"

"आई, सेल नवे घाला. सेल दमलेत."

"सेल चांगले हायत. कालच उनात घातलेत." तिनं कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. "ही तुमाला ऱ्हाऊ द्या. माज्याकडं पयली हाय, तिच्यात माजा मिलिंद हाय."

तेव्हापासून कोणाच्याही घरी कॅसेट नेऊन द्यायची झाली, की मी खिशात चार नवे सेल टाकून निघायचो.